सिंथ लावला की आवाज फुटतोय? नवा लॅपटॉप घ्यायच्या आधी हे करून बघा

परवा रात्री साडेअकराला भाच्याचा मेसेज. सांगलीला असतो तो, गणपतीसाठी मंडळाचा एक ट्रॅक करतोय, खाली हलगी आणि ढोलाचे लूप, वर तीन-चार सॉफ्टसिंथ (कॉम्प्युटरच्या आतच आवाज तयार करणारी वाद्यं), आणि मेन ड्रॉप, म्हणजे गाण्याचा सगळ्यात जोरदार भाग, आला रे आला की स्पीकरमधून नुसती तडतड. "मामा, टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू ३० टक्केच दाखवतोय, मग आवाज का फुटतोय? नवा लॅपटॉप घेऊ का?" मी म्हटलं थांब, आईकडे पैसे मागू नकोस इतक्यात. मग फोनवर तासभर बसून जे केलं तेच इथे लिहून ठेवतोय, कारण हा प्रश्न मला दर दोन महिन्यांनी कोणीतरी विचारतंच.

आधी त्या ३० टक्क्यांचं बघू, कारण सगळे फसतात ते इथेच. टास्क मॅनेजर दाखवतो तो सगळ्या कोअरची, म्हणजे प्रोसेसरच्या आत वेगवेगळं काम करणाऱ्या भागांची, मिळून सरासरी. तुमच्याकडे ८ कोअर १६ थ्रेडचा (एका कोअरवर एका वेळी दोन कामं, ते थ्रेड) प्रोसेसर असेल आणि त्यातला एक थ्रेड पूर्ण गच्च भरला तरी तिथे जेमतेम ६ टक्के दिसणार, आणि ऑडिओची भानगड अशी की एका ट्रॅकवर सिंथ, त्याच्यामागे इक्यू (आवाज उजळ-गडद करणारा), मग कॉम्प्रेसर (चढउतार आवरणारा), मग रिव्हर्ब (हॉलसारखा घुमारा देणारा) अशी जी इफेक्ट्सची साखळी असते ती एकामागोमाग एकच चालते, इक्यूला सिंथचा आवाज मिळाल्याशिवाय तो काय करणार, त्यामुळे ती सगळी साखळी बहुतेक वेळा एकाच कोअरच्या डोक्यावर बसते. बाकी सात कोअर पान खात बसलेले असतात आणि एकाचा जीव जातो.

दुसरं म्हणजे इथे सवाल नुसत्या ताकदीचा नाही, वेळेत पोचण्याचा आहे. पंगतीत वाढपी पोळ्यांची टोपली घेऊन फिरतो तसं समजा. साउंड कार्ड दर काही मिलिसेकंदांनी पुढची टोपली मागतं, आणि आतून ती वेळेवर आली नाही की पान रिकामं, म्हणजेच तडतड. टोपली किती मोठी ते बफर साइझ ठरवतं. ४४.१ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४४,१०० तुकडे (सॅम्पल) घेताना, १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे २.९ मिलिसेकंद, २५६ म्हणजे ५.८, ५१२ म्हणजे ११.६ आणि १०२४ म्हणजे साधारण २३. तुमच्या गाणं बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये (एफएल स्टुडिओ, रीपर, एबलटन लाइव्ह वगैरे) जो सीपीयू मीटर असतो तो ह्या वेळेतला किती वेळ वापरला गेला ते सांगतो, म्हणून तो ९० दाखवत असताना टास्क मॅनेजर ३० दाखवतो आणि दोघंही खरं बोलत असतात. आपण बघायचा तो सॉफ्टवेअरचा मीटर.

तर पहिलं काम, काहीही बदलायच्या आधी, कोण खातंय ते शोधा. हे न करता लोक सरळ यूट्यूब बघून रजिस्ट्रीत हात घालतात, ते करू नका राव. एफएल स्टुडिओमध्ये व्ह्यू मेनूत प्लगइन परफॉर्मन्स मॉनिटर आहे, प्रत्येक प्लगइन (ट्रॅकवर लावलेला सिंथ किंवा इफेक्ट) किती घेतोय त्याची यादीच येते. रीपरमध्ये कंट्रोल अल्ट पी दाबा, परफॉर्मन्स मीटर उघडतो, त्यात ट्रॅकप्रमाणे टक्के दिसतात आणि आरटी (रिअलटाइम) सीपीयू म्हणून वेगळा आकडा असतो, तो महत्त्वाचा. एबलटन लाइव्हमध्ये ११ पासून सेशन व्ह्यूच्या मिक्सरमध्ये प्रत्येक ट्रॅकखाली छोटा मीटर लावता येतो. यातलं काहीच नसेल तर गावठी उपाय, फुटणारा भाग लूपवर टाका, अर्ध्या ट्रॅकचे प्लगइन बंद करा, तडतड थांबली तर चोर त्या अर्ध्यात, नाही थांबली तर दुसऱ्या अर्ध्यात, मग परत त्याचे अर्धे. पाच मिनिटांत सापडतो. एक लक्षात ठेवा, ट्रॅक नुसता म्यूट करून काही कळत नाही, कारण बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये म्यूट केलेला सिंथसुद्धा आत गणितं करतच राहतो, ऐकू येत नाही इतकंच. प्लगइनचं पॉवर बटण बंद करा, रीपरमध्ये असाल तर ऑफलाइन करा.

भाच्याच्या प्रोजेक्टमध्ये बावीस ट्रॅक होते आणि त्याला शंभर टक्के खात्री होती की लीड, म्हणजे मुख्य धून वाजवणारा, सिंथच जड आहे, कारण तो सगळ्यात मोठ्याने वाजत होता. यादी उघडली तर लीड बिचारा ४ टक्क्यांवर. वर कोण, तर मागे कुठेतरी हळू वाजणारा एक पॅड (लांब सुरांचा भराव देणारा सिंथ), जो मिक्समध्ये नीट ऐकूही येत नव्हता, तो एकटा ४१ टक्के.

आता हा पॅड नीट बघू, कारण शंभरातल्या सत्तर केसेस माझ्या अनुभवात अशाच असतात. पॅचमध्ये, म्हणजे सिंथच्या सेटिंगमध्ये, दोन ऑसिलेटर (मूळ आवाज काढणारे भाग), प्रत्येकाला युनिसन ८, म्हणजे एकाच सुराच्या आठ प्रती. म्हणजे एक की दाबली की आत १६ ऑसिलेटर सुरू. कॉर्ड पाच सुरांची, झाले ८०. आणि अँप एन्व्हलपचा रिलीज, म्हणजे की सोडल्यावर आवाज विरायला लागणारा वेळ, ६ सेकंद, कॉर्ड बदलते दर २ सेकंदांनी, म्हणजे पहिली कॉर्ड सोडली तरी ती अजून मरत असते, तोवर दुसरी आली, तिसरी आली, चौथीही आली. एका वेळी चार कॉर्डचे सूर आत जिवंत, ८० गुणिले ४ म्हणजे ३२० ऑसिलेटर, आणि वर ओव्हरसॅम्पलिंग २ पट, म्हणजे हे सगळं सेकंदाला ४४,१०० वेळा नाही तर ८८,२०० वेळा. एका न ऐकू येणाऱ्या पॅडसाठी! प्रीसेट (तयार पॅच) बनवणाऱ्याचा दोष नाही, तो एकटा वाजवल्यावर भारी वाटावा म्हणून बनवलेला असतो, बावीस ट्रॅकच्या गर्दीत वाजवायला नाही.

उपाय काय केला ते क्रमाने सांगतो. युनिसन ८ वरून ३ केलं, डिट्यून, म्हणजे त्या प्रतींच्या सुरांतला फरक, थोडा वाढवला, रुंदी जवळपास तेवढीच राहिली. रिलीज ६ वरून १.८ सेकंद, आणि जी लांब शेपटी हवी होती ती रिव्हर्बकडून घेतली. पॉलिफनी, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती सूर वाजू द्यायचे, ती ३२ होती, ती १० केली. सिरम नावाच्या सिंथमध्ये हा आकडा पॉली नावाने तिथेच समोर दिसतो आणि आत्ता किती चालू आहेत तेही दिसतं, वाजवताना त्यावर नजर ठेवा, डोळे उघडतात. ४१ टक्के होता तो पॅड ६ वर आला. दोन्ही व्हर्जन मी त्याला डोळे मिटून ऐकायला लावली, ओळखता आलं नाही. बेसला तर पॉलिफनी लागतच नाही, मोनो (एका वेळी एकच सूर) करून टाका, आवाजही घट्ट होतो.

ओव्हरसॅम्पलिंगचं थोडं सांगतो, कारण ते बटण लोक "जास्त क्वालिटी" म्हणून चढवून ठेवतात आणि विसरतात. ४४.१ ला काम करताना २२.०५ किलोहर्ट्झच्या वरचं काही साठवता येत नाही, सिंथ किंवा डिस्टॉर्शनने (आवाज मुद्दाम खरखरीत करणारा इफेक्ट) त्याच्या वरचे हार्मोनिक्स (मूळ सुराच्या पटीतले उंच सूर) तयार केले तर ते दुमडून खाली येतात आणि बेसूर धातूसारखा कचरा ऐकू येतो, त्याला एलियासिंग म्हणतात. ते टाळायला सिंथ आतल्या आत दुप्पट चौपट वेगाने गणित करतो. वर चढणाऱ्या तीक्ष्ण लीडला, एफएमला (रेडिओ नव्हे, एका ऑसिलेटरने दुसऱ्याला हलवून आवाज काढायची पद्धत), जोरदार डिस्टॉर्शनला त्याचा फरक खरंच पडतो. पण फिल्टर ८०० हर्ट्झला बंद करून ठेवलेल्या पॅडला चौपट ओव्हरसॅम्पलिंग म्हणजे दुधात पाणी नाही, पाण्यात दूध. सिरममध्ये हे ग्लोबल टॅबमध्ये आहे, व्हायटल या सिंथमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड टॅबमध्ये. काम करताना खाली ठेवा, शेवटी एक्सपोर्टच्या वेळी हवं तर चढवा.

काही सिंथ मुळातच जड असतात, त्यात चूक काही नाही. यू-ही कंपनीचा डिव्हा घ्या, २०११ मध्ये आला, जुन्या अ‍ॅनालॉग सर्किटचं गणित तो प्रत्येक सॅम्पलला सोडवत बसतो म्हणून तसा वाजतो, आणि म्हणूनच खातो. पण बनवणाऱ्यांनी सोयही दिली आहे, अ‍ॅक्युरसी नावाचा पर्याय आहे, ड्राफ्ट, फास्ट, ग्रेट, डिव्हाइन असे चार. मी फास्टवर काम करतो. त्याच्याशेजारी ऑफलाइन अ‍ॅक्युरसी आहे ती बेस्टवर ठेवली की वाजवताना हलका आणि एक्सपोर्ट करताना आपोआप पूर्ण दर्जाचा. मल्टिकोरचं बटणही आहे, ते चालू करून बघा, कधी फायदा होतो कधी उलटा परिणाम होतो, तुमच्या मशीनवर काय होतं ते बघूनच ठरवा. असे ड्राफ्ट आणि हाय क्वालिटीचे पर्याय बऱ्याच सिंथमध्ये कुठल्यातरी कोपऱ्यात लपलेले असतात, शोधा.

आता बफर. भाच्याने सुरुवातीला कीबोर्डवर वाजवून रेकॉर्ड केलं होतं म्हणून १२८ ठेवला होता, वाजवताना उशीर जाणवू नये म्हणून, ते बरोबरच. पण नंतर दोन आठवडे माऊसने नोट्स टाकत होता, मिक्स करत होता, आणि बफर तिथेच. वाजवायचं असेल तेव्हा १२८ किंवा २५६, मिक्सला बसलात की ५१२ किंवा १०२४, इतकं साधं आहे. फक्त हे समजून घ्या की बफर वाढवला म्हणून काम कमी होत नाही, मुदत जरा सैल होते आणि दर टोपलीमागचा वरखर्च वाचतो, त्यामुळे एखादा प्लगइन एकटाच कोअर भरत असेल तर १०२४ केलं तरी फुटणारच.

विंडोजवर असाल तर साउंड कार्डचा ड्रायव्हर एएसआयओच हवा, म्हणजे आवाज कमीत कमी उशिराने पोचवणारा. ऑडिओ इंटरफेस (बाहेरून जोडायचं साउंड कार्ड) असेल तर त्याच्या कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर टाका, नसेल तर एएसआयओ फॉर ऑल किंवा एफएल सोबत येणारा एफएल स्टुडिओ एएसआयओ. आणि सॅम्पल रेट बघा प्लीज, कोणीतरी व्हिडिओत ९६ सांगितलं म्हणून ९६ ठेवलेले प्रोजेक्ट मी कितीतरी बघितलेत. ९६ म्हणजे प्रत्येक सिंथला दुपटीहून जास्त काम, आणि मंडळाच्या स्पीकरवर ते ऐकणार कोण? ४४.१ किंवा ४८ पुरे.

एफएलवाल्यांसाठी अजून थोडं. ऑडिओ सेटिंग्जमध्ये मल्टिथ्रेडेड जनरेटर प्रोसेसिंग आणि मल्टिथ्रेडेड मिक्सर प्रोसेसिंग दोन्ही चालू आहेत ना बघा, आणि स्मार्ट डिसेबलही, त्याने जो सिंथ आत्ता वाजत नाहीये तो झोपवला जातो. एखादा प्लगइन एफएलमध्येच विचित्र फुटत असेल आणि दुसरीकडे नीट चालत असेल तर त्या प्लगइनच्या रॅपर सेटिंगमध्ये यूज फिक्स्ड साइझ बफर्स टिक करून बघा, कित्येकदा तेवढ्यानेच भागतं. रीपर आणि क्यूबेसवाल्यांना वेगळी गंमत सांगतो, रीपरमध्ये अँटिसिपेटिव्ह एफएक्स आणि क्यूबेसमध्ये एएसआयओ गार्ड असतं, म्हणजे पुढचा आवाज आधीच शिजवून ठेवायचा, मस्त चीज आहे. पण जो ट्रॅक रेकॉर्डसाठी आर्म (सज्ज) केलाय किंवा मॉनिटर चालू आहे त्याला हे लागू होत नाही, कारण तुम्ही पुढे काय वाजवणार ते त्याला कसं कळणार. म्हणून वाजवून झालं की आर्म काढा. लॉजिकमध्ये तर निवडलेला सॉफ्टवेअर इन्स्ट्रुमेंटचा ट्रॅकसुद्धा लाइव्ह धरला जातो, म्हणून नुसतं ऐकताना एखादा रिकामा ऑडिओ ट्रॅक सिलेक्ट करून ठेवा. हसू येईल पण फरक पडतो.

इफेक्ट्स. बहुतेक सिंथच्या आत रिव्हर्ब असतो आणि बहुतेक प्रीसेटमध्ये तो चालू असतो, आठ सिंथ म्हणजे आठ हॉल. सगळे बंद करा, एका सेंडवर (सगळ्या ट्रॅकना जोडता येणारा सामाईक मार्ग) एक चांगला रिव्हर्ब लावा आणि सगळ्यांना तिथे पाठवा. प्रोसेसर वाचतो हे तर आहेच, पण सगळी वाद्यं एका जागेत वाजतायत असंही वाटतं, मी तर सीपीयूचा प्रश्न नसता तरी हेच सांगितलं असतं.

एवढं करूनही जड आहे? मग फ्रीझ. जो भाग पक्का झाला त्याचा ऑडिओ बनवा आणि सिंथ झोपवा. एबलटनमध्ये ट्रॅकवर राइट क्लिक, फ्रीझ ट्रॅक, लॉजिक, क्यूबेस, रीपरमध्येही फ्रीझ आहेच, एफएलमध्ये प्लेलिस्टच्या ट्रॅकवर राइट क्लिक करून कन्सॉलिडेट. एफएलमध्ये ते केल्यावर मूळ सिंथ काढायच्या आधी त्याचा प्रीसेट आणि नोट्स वेगळ्या प्रोजेक्टमध्ये सेव्ह करून ठेवा. हे मी शहाणपणातून नाही सांगत, एकदा एका क्लायंटने तीन आठवड्यांनी "दुसऱ्या कडव्यातली कॉर्ड बदला ना" म्हणून फोन केला आणि माझ्याकडे नुसती वेव्ह फाइल, पूर्ण पॅच परत बसून बनवला, तरी तो तसा झाला नाहीच.

काही वेळा मात्र चोर प्रोजेक्टमध्ये नसतोच. ओळखायचं कसं? रिकाम्या प्रोजेक्टमध्ये एकच हलका सिंथ लावा, तरीही मधूनच टक्क टक्क येत असेल तर मशीनकडे बघा. लॅपटॉप असेल तर आधी चार्जर लावा, बॅटरीवर बहुतेक मशीन स्वतःला आवरून धरतात. पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्स करा. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये स्पीडचा आकडा बघत राहा, सुरुवातीला ३.८ गिगाहर्ट्झ आणि दहा मिनिटांनी १.९ वर घसरला तर मशीन तापतंय, म्हणूनच गाणं सुरुवातीला नीट वाजतं आणि थोड्या वेळाने फुटायला लागतं. भाचा काय करत होता माहितीये, लॅपटॉप गादीवर, खालच्या हवेच्या जाळ्या पूर्ण बंद. "अरे पाटावर तरी ठेव," म्हटलं.

तापत नसेल तर लेटन्सीमॉन नावाचं फुकट टूल आहे, ते दहा मिनिटं चालू ठेवा, कुठला ड्रायव्हर प्रोसेसर अडवून बसतो ते नावासकट सांगतं. वायफायचा ड्रायव्हर हा नेहमीचा संशयित, काम करताना वायफाय बंद करून बघायला काहीच खर्च नाही. मॅकवाल्यांनी, एम१ किंवा नंतरचं मशीन असेल तर, अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये काइंडचा कॉलम बघा, तुमच्या सॉफ्टवेअरसमोर इंटेल लिहिलेलं असेल तर ते रोझेटामधून भाषांतर होऊन चालतंय, एखाद्या जुन्या प्लगइनपायी सगळं घोडं लंगडतंय. तो प्लगइन अपडेट करा नाहीतर सोडून द्या.

एक विचित्र लक्षण राहिलं. गाणं थांबवलं, सगळं शांत झालं आणि मीटर उलटा वर चढला, असं झालं तर ते डीनॉर्मल. रिव्हर्बची किंवा फिल्टरची शेपटी विरत विरत इतक्या बारीक आकड्यांपर्यंत जाते, ३२ बिटमध्ये साधारण १० चा उणे ३८ वा घात, की काही प्रोसेसर असे आकडे फार हळू सोडवतात. हल्लीचे प्लगइन त्यांना सरळ शून्य करून टाकतात, पण दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा फुकटचा प्लगइन असेल तर बघा. जुगाड म्हणजे त्याच्या आधी अगदी ऐकू न येणारा, उणे १२० डेसिबलच्या आसपासचा नॉइज सोडायचा, आकडे त्या खड्ड्यात पडतच नाहीत.

आणि रात्री एक वाजता, उद्या सकाळी मंडळाला ट्रॅक द्यायचाय, वेळच नाही, तर घाबरू नका. एक्सपोर्ट ऑफलाइन होतो, तिथे साउंड कार्ड टोपली मागत नसतं, प्रोसेसरला हवा तेवढा वेळ मिळतो, त्यामुळे वाजवताना तडतडणारं गाणं फाइलमध्ये बहुतेक वेळा स्वच्छच येतं. फक्त एक्सपोर्टच्या खिडकीत रिअलटाइम टिक नाही ना ते बघा, आणि फाइल एकदा हेडफोनवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐका, मधे फोन न बघता. भाच्याने ऐकली. दीड वाजता मेसेज, "मामा स्वच्छ आहे, पण आता पॅडचा आवाज वाढवू का, ऐकूच येत नाही."